पुढची कोठडी

तोल्बा माझ्या पोटचा नव्हता. तो रईस मितवल्लीचा थोरला मुलगा. मितवल्ली आमच्या बोटीचा तांडेल, म्हणजे आमच्या भाषेत रईस, आणि माझ्या बायकोचा, इन्साफचा, मोठा भाऊ. तोल्बा जन्मला तेव्हा त्याच्या आईला ताप भरला होता आणि तिला दूध येत नव्हतं. त्याच आठवड्यात आमचं बाळ गेलं होतं. मितवल्लीनं पोर फडक्यात गुंडाळून आणलं, इन्साफच्या मांडीवर ठेवलं आणि अंगणात जाऊन बसला. तिनं त्याला वर्षभर पाजलं. आमच्यात अंगावर पाजलेलं मूल हे आपलंच मूल, आणि पाजणारीचा नवरा त्याचा बाप. आम्हाला पुढे मूल झालं नाही. तोल्बा मला आबा म्हणायचा आणि जन्मदात्या बापाला बोटीवरच्या सगळ्यांसारखा रईस म्हणायचा. त्यावरून मितवल्ली मला टोमणे मारायचा, की खर्च माझा आणि आबा मात्र हा.

इन्साफ थंडीत गेली. तिच्या आजारपणाबद्दल मी लिहीत नाही. ती गेल्यावर घरात माझ्याशी बोलणारं कोणी उरलं नाही, एवढंच सांगतो. तोल्बा रोज संध्याकाळी यायचा, दोन ग्लास चहा करायचा, एक माझ्यासमोर ठेवायचा. मी पीत नसे. मग तो दोन्ही ग्लास पिऊन टाकायचा आणि म्हणायचा, "आबा, असंच चाललं तर तुमच्या वाटणीच्या साखरेनं माझे दात पडतील."

त्या वेळी आम्ही समुद्रावर गेलो ते तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या आधी परत यायचं ठरवून. चाळिसाव्याला तिच्या नावानं गरिबांना जेवण घालायचं होतं. तोल्बानं बायकांना सांगून ठेवलं होतं की भात तुमचा, मासळी माझी. तिला लाल बर्बूनी मासळी आवडायची. बर्बूनी मिळाली तशी त्यानं एकेक निवडून गोणीत घातली, आणि ती गोणी पुढच्या कोठडीत ठेवली.

पुढच्या कोठडीचं सांगायला हवं. आमच्या गावच्या, इज्बत अल-बुर्गच्या बोटींवर मालकाची मासळी मधल्या खणात बर्फात असते. घरची मासळी तिथं ठेवत नाहीत. बोट धक्क्याला लागली की खण उघडतो आणि सगळ्या गावाचे डोळे त्यात जातात. तुझ्या पोरांसाठी आणलेल्या मासळीवर कोणाची नजर पडली की पोराला ताप आलाच म्हणून समज. म्हणून घरची मासळी गोण्यांत बांधून, बर्फाचे तुकडे टाकून, बोटीच्या पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीची जी कोठडी असते तिच्यात उतरवतात. वर लोखंडी झाकण लावून आवळून टाकतात. घरी पोचेपर्यंत ते कोणी उघडत नाही, कारण उघडलं की कोणीतरी बघणार. इन्साफसुद्धा मासळीची पिशवी शालीखाली झाकून घरी न्यायची. अजूनही बहुतेक बोटींवर असंच चालतं. मी धक्क्यावर जाऊन सांगतो. लोक ऐकून घेतात, मला चहा देतात, आणि झाकण लावतात.

परतताना वादळ आलं. आम्ही बुरुल्लुसच्या किनाऱ्याच्या आडोशाला नांगर टाकून पडून राहिलो. वादळ सरलं तर दक्षिणेकडून वाळूचा गरम वारा सुरू झाला, आणि निघता निघता इंजिनानं दगा दिला. ते मी खोलून परत जोडेपर्यंत आणखी वेळ गेला. मधल्या खणातला बर्फ कसाबसा टिकला. पुढच्या कोठडीतला कधीच वितळला होता. झाकण तसंच बंद होतं. आत ओली साखळी, तिचा गंज, आणि सडत चाललेली मासळी.

गावचा पांढरा मिनार दिसायला लागला तेव्हा मी खाली इंजिनाजवळ होतो. वर तोल्बा म्हणत होता, असं मला नंतर कळलं, की आत्तीची गोणी सडली असेल तर धक्क्यावर दुसरी मासळी विकत घ्यावी लागेल, आधी बघून घेतो. तोल्बा इन्साफला लोकांसमोर आत्ती म्हणायचा, घरात अम्मा. त्यानं झाकण उघडलं. वास आला तसा तोंड फिरवून शिवी दिली, आणि नाकाला रुमाल बांधून शिडीनं खाली उतरला.

बय्यूमी आमचा स्वयंपाकी. अंगानं दांडगा, आवाजानं बारीक. मी इंजिनवाला, म्हणून तो मला उस्ता म्हणायचा. तो इंजिनाच्या दारात वाकून म्हणाला, "उस्ता, वर या. तोल्बा उठत नाही."

मी पुढे धावलो. तोल्बाचा धाकटा भाऊ फिक्री कोठडीच्या तोंडावर बसला होता आणि त्याचा एक पाय आत गेला होता. मी त्याला मानगूट धरून मागे ओढला. खाली बघितलं. तोल्बा साखळीवर पालथा पडला होता, एक हात अंगाखाली. शिडीच्या पायरीवरून उडी मारली तर पोचावं इतका जवळ.

मी उतरलो नाही. का उतरलो नाही ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतल्या एका बोटीवर असंच झालं होतं. तिथं मासळीच्या खणात. एक पोरगा खाली पडला, त्याला काढायला भाऊ उतरला, भावाला काढायला मेहुणा, आणि शेवटी बाप. आमच्या बोटींवर एकाच घरातले लोक असतात, त्यामुळे प्रत्येकाचं कोणी ना कोणी खाली असतंच. त्यांना बाहेर काढणाऱ्यांत मी होतो. ते एकावर एक पडले होते, आणि सगळ्यात वर बाप होता. त्यानंतर बंदरावर एक माणूस आला आणि कॉफीच्या दुकानात सगळ्या इंजिनवाल्यांना बसवून त्यानं समजावलं. बंद कोठडीतला गंज हवा खाऊन टाकतो. सडलेल्या मासळीतून वायू निघतो. आधी त्याचा वास येतो, मग नाकच मरतं आणि वास येईनासा होतो. खाली पडलेल्याला काढायला जो उतरतो तो त्याच जागी पडतो. म्हणून बाहेर उभं राहा. बय्यूमी तिथं चहा प्यायला आला होता. त्यानं विचारलं, "उभं राहून करायचं काय, साहेब? फातिहा म्हणायची?" सगळे हसले. तो माणूसही हसला. मग म्हणाला, हवा द्या. आधी हवा, मग माणूस.

मला हसू आलं नव्हतं, कारण तो सगळ्यात वरचा बाप मी खांद्यावरून नेला होता.

आमच्याकडे हवा होती. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की पाण्याखाली जाऊन ते कापावं लागतं, त्यासाठी बोटीवर एक छोटा कॉम्प्रेसर आणि लांब नळी असते. नळीच्या टोकाला तोंडात धरायचा तुकडा. पण तो मागे जाळ्यांच्या ढिगाखाली होता, त्याला पट्टा चढवावा लागतो, आणि ते काम माझ्याशिवाय बोटीवर कोणाला येत नव्हतं. म्हणजे मला कोठडी सोडून मागे जायला हवं होतं. आणि मी कोठडी सोडली की कोणीतरी उतरणार, हे मला दिसत होतं.

मितवल्ली सुकाणू सोडून आला. वाटेत येतानाच त्यानं जाकीट काढून टाकलं होतं.

"बाजूला सर," तो म्हणाला.

"रईस, खाली हवा नाही."

"माझं पोर खाली आहे आणि तू मला हवा सांगतोस?"

मी म्हटलं, मला यंत्र लावू दे, मी स्वतः उतरतो. तो म्हणाला, तोवर काय त्यानं तिथं झोपून राहायचं? मी पंख्यातलं जाळं एका दमात कापलेलं आहे, दम धरून जातो आणि एका दमात त्याला वर आणतो. मी म्हटलं, पाण्यात माणूस हलका असतो, इथं तुला त्याचं वजन उचलायचं आहे, दम सुटेल. तो ऐकत नव्हता. त्यानं माझ्या छातीवर हात ठेवून ढकललं. मी कोठडीच्या तोंडावर पाय फाकून उभा होतो, पडलो नाही. त्यानं पुन्हा ढकललं. मग मारलं. माझ्या तोंडात रक्ताची चव आली.

मितवल्ली माझ्यापेक्षा मोठा आहे. इन्साफशी माझा निकाह लावून दिला तो त्यानंच, माझ्याकडे धड बूट नव्हते तेव्हा. त्याच्यासमोर मी कधी सिगारेट ओढली नाही.

मी बय्यूमीला म्हटलं, "दोर आण."

बय्यूमी जागचा हलला नाही. "उस्ता, तो रईस आहे."

"आणि त्याच्या बायकोला तू दोन मढी नेऊन देणार आहेस का?"

तेव्हा बय्यूमीनं मागून मितवल्लीला मिठी घातली. दोघांनी मिळून त्याला डोलकाठीपर्यंत फरफटत नेलं आणि जाळ्याच्या दोरानं हात मागे करून बांधलं. बय्यूमी रडत होता आणि गाठी मारत होता. मितवल्ली आधी ओरडला, मग त्यानं विनवण्या केल्या. त्यानं मला ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहीत नाही. शेवटी हळू आवाजात म्हणाला, "तोल्बा तिच्या दुधावर वाढला. इन्साफ असती तर तुझ्या तोंडावर थुंकली असती."

मला वाटलं, थुंकली असती. कदाचित तीच आधी उतरली असती.

फिक्रीला मी काम दिलं. रिकामे हात कोठडीजवळ नको होते. त्याला म्हटलं, ही ताडपत्री घे, तिचं तोंड वाऱ्याकडे धर आणि शेपूट कोठडीत सोड, म्हणजे वारा आत जाईल. पाय मात्र बाहेर. बय्यूमीला बोट वाऱ्याकडे वळवायला पाठवलं आणि मी मागे धावलो.

जाळी ओली होती. ती मी ओढत होतो आणि ती संपत नव्हती. कॉम्प्रेसर निघाला तर पट्टा उन्हानं ताठ झालेला. चढेना. मी तो दातांनी धरून चढवला. पहिल्या झटक्याला यंत्र लागलं नाही, दुसऱ्यालाही नाही. मी त्याला मारायला लागलो, यंत्राला, हातानं. मग लागलं. नळी उलगडली तर मध्ये एका ठिकाणी चीर होती आणि तिच्यातून हवा सुं सुं करत बाहेर जात होती. मी सदरा फाडून त्यावर गुंडाळला आणि तारेनं आवळला. एवढं करताना मला एकच दिसत होतं, की तोल्बा पालथा आहे आणि त्याचं तोंड पाण्यात आहे का ते मी नीट बघितलेलं नाही.

डोलकाठीजवळून मितवल्ली ओरडला, "तो हाक मारतोय. बहिऱ्या, तो हाक मारतोय."

मला काही ऐकू आलं नाही. यंत्राचा आवाज होता, फाटक्या नळीचा आवाज होता. पण फिक्रीनं ऐकलं, म्हणजे बापाचं ऐकलं. मी मान वर केली तर त्यानं ताडपत्री सोडून दिली होती. तो कोठडीच्या कडेवर बसला, दोन्ही पाय आत टाकले, आणि शिडीची वरची पायरी पायानं चाचपडायला लागला. मी बोटीच्या मागच्या टोकाला. बय्यूमी सुकाणूवर. आमच्यापैकी कोणी वेळेत पोचणार नव्हतं. मी ओरडलो, पण फिक्रीनं माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याच्या बापाला बांधणारा माणूस होतो.

मितवल्ली त्याच्या सर्वांत जवळ होता. दोन पावलांवर. बांधलेला.

"फिक्री," तो म्हणाला. ओरडला नाही. जेवायला हाक मारावी तसं म्हणाला. "फिक्री, वर ये."

"बाबा, तो हाक मारतोय ना?"

मितवल्लीनं कोठडीच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, "नाही. कोणी हाक मारत नाही. वर ये, बाळा. ताडपत्री धर."

फिक्री वर आला. त्यानं ताडपत्री धरली. मितवल्लीनं डोकं डोलकाठीला टेकवलं आणि डोळे मिटले, आणि त्यानंतर त्यानं एकदाही दोराला हिसका दिला नाही.

मी नळीचं टोक तोंडात धरून, कमरेला दोर बांधून उतरलो. आत उभं राहायला जागा नव्हती. डोळ्यांची आग होत होती. तोल्बाचं तोंड पाण्यात नव्हतं. गाल साखळीवर होता, आणि डोळे अर्धवट उघडे. रुमाल नाकावर तसाच. त्याचा हात गोणीच्या गाठीत होता. मी ती गाठ सोडवू शकलो नाही, शेवटी गोणीच फाडली. त्याच्या काखेतून दोर घातला, दोन वेळा दोर खेचून खूण केली. वरून बय्यूमी आणि फिक्री ओढत होते आणि मी खालून त्याचे पाय उचलत होतो. पाय गार नव्हते. त्या गरमपणावर मी विश्वास ठेवला. मला वाटलं, वेळेत पोचलो आपण.

वर आल्यावर आम्ही त्याला वाऱ्यात आडवं ठेवलं. मी छाती दाबायला लागलो. बय्यूमीनं तोंडातून हवा दिली. मी फिक्रीला म्हटलं, बापाला सोड. मला वाटलं होतं सुटला की मितवल्ली माझ्यावर धावेल. तो गुडघ्यांवर बसला, मला बाजूला केलं आणि माझ्या जागी स्वतः छाती दाबायला लागला. तो थकला की मी, मी थकलो की बय्यूमी, मग पुन्हा तो. बोट वाहत चालली होती आणि सुकाणूवर कोणी नव्हतं. किती वेळ ते कोणी मोजलं नाही. मितवल्लीचेच हात आधी थांबले. त्यानं तोल्बाच्या नाकावरून खाली सरकलेला रुमाल सोडला, घडी केली आणि खिशात ठेवला.

मी तरी थांबलो नाही. बय्यूमीनं माझे हात धरले. म्हणाला, "पुरे, उस्ता. फासळ्या मोडतील त्याच्या."

बंदराच्या मुखातून आत येईपर्यंत धक्क्यावर बातमी पोचली होती. कशी पोचते कोण जाणे. बायका उभ्या होत्या. शेजारच्या बोटीवरचे लोक आमच्या बोटीवर उड्या मारून आले. त्यांच्यातला एक, मितवल्लीचा चुलतभाऊ, सरळ पुढच्या टोकाला गेला आणि कोठडीत वाकून बघायला लागला. म्हणत होता, वास तर काही येत नाही, हे काय सांगताय. त्यानं शिडीवर पाय ठेवला. मी उठायच्या आत मितवल्लीनं त्याला दंडाला धरून असा मागे फेकला की तो जाळ्यांवर जाऊन पडला.

"अरे, मी फक्त बघत होतो," तो म्हणाला.

"बघायला मी आहे," मितवल्ली म्हणाला. आणि तिथंच, कोठडीच्या तोंडावर, बोट रिकामी होईपर्यंत उभा राहिला.

तोल्बाला खाली नेलं. त्याची आई कौसर धक्क्यावर बसली होती, तिनं डोकं वर केलं आणि विचारलं की याला कोणी काढलं. कोणीतरी माझं नाव घेतलं, शिर्बिनी. दुसऱ्या कोणीतरी तिला लगेच सांगितलं की यानंच रईसला बांधून ठेवलं होतं. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. लोकांनी मला वाट दिली, पण कोणी सलाम केला नाही.

मी घरी गेलो नाही. मशिदीमागच्या भिंतीशी बसलो. आत मय्यतीला अंघोळ घालायची तयारी चालली होती, आणि बापाचा हक्क पहिला, हे मला माहीत होतं. दुधाच्या बापालाही तो हक्क असला तरी मी तो मागायला जाणार नव्हतो.

मितवल्ली बाहेर आला आणि माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसला. त्याच्या मनगटांवरची कातडी गेली होती. त्यानं सिगारेट काढली, पेटवली, आणि पाकीट माझ्यापुढे धरलं. मी घेतली नाही.

"बांधलं नसतंस तर मी खाली मेलो असतो," तो म्हणाला.

मी त्याच्या मनगटांकडे बघितलं.

"ते बरं झालं असतं. मला काही कळलं नसतं." तो थोडा वेळ ओढत राहिला. "फिक्रीला मी बोलावलं. तू नाही. माझ्या तोंडानं मी म्हणालो की कोणी हाक मारत नाही. आणि मी ती हाक ऐकली होती, शिर्बिनी."

"रईस, नळी फाटली होती. तो आवाज नळीचा होता."

"शपथ घे."

माझं तोंड उघडलं. इन्साफची शपथ घ्यायला मी तयार होतो, पण ती घेता येईना, कारण मला ऐकू आलं नव्हतं एवढंच मला माहीत होतं. तो माझ्याकडे बघत थांबला. मग त्यानं मान हलवली आणि सिगारेट मातीत विझवली.

"यापुढे माझ्या बोटीवर पाय ठेवू नकोस," तो म्हणाला. "तुला बघितलं की मला ते ऐकू येईल. आता आत जा. माझे हात उठत नाहीत. तू त्याचा बाप आहेस, तू धू."

मी आत गेलो. फिक्री कोपऱ्यात पाण्याचं भांडं घेऊन उभा होता, जिवंत. मी बाह्या वर केल्या. तो ओतत होता आणि मी धूत होतो. उजवी बाजू आधी, मग डावी. अंग स्वच्छ झालं, पण साखळीचा गंज त्याच्या नखांखाली गेला होता आणि निघत नव्हता. मशिदीचे शेख दारातून म्हणाले की झालं आता, एवढं चालतं. फिक्रीनं माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, अजून ओत.